बोरसे आबांचा कडीवाला

बोरसे आबांना घरफोडीच्या बातम्या वाचायचा नाद होता. धुळ्याच्या आमच्या छोट्याशा कडधान्य संशोधन केंद्रात सकाळी वर्तमानपत्र आलं की राजकारण, क्रिकेट आणि सोन्याचा भाव ओलांडून ते थेट आतल्या पानावर जायचे. पायरीवर बसून एखादी चोरी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि चष्म्यावरून समोरच्याकडे बघत विचारायचे, "चोर बाहेरथून उना, हाई समजनं. पन कडी कोनी काढी?" आतली कडी कोणी काढली, हे बिचारा समोरचा काय सांगणार? बहुतेक जण हातातलं काम आठवल्यासारखं करून सटकायचे. कारकून तर सकाळी मागच्या दारानेच आत यायचा.

माझी त्यांची ओळख याच प्रश्नाने झाली. शहाऐंशी साल असावं. कनिष्ठ सहायक म्हणून मी त्याच दिवशी रुजू झाले होते आणि सही करायला आत गेले तेवढ्यात कुत्र्याने माझा डबा पळवला. मी रडकुंडीला आलेली. पायरीवर एक काटकुळा माणूस, अंगात विटलेला खाकी बुशशर्ट, गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेलं भिंग. तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "कुत्रा बाहेरथून उना, हाई समजनं." दार मीच उघडं टाकलं होतं. मग त्याने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "कोठली?" यावलची म्हटल्यावर मान हलवली. "केळीवाली. सावलीमा वाढनी, म्हंजे ऊन माहीत नही तुले."

आबा पदाने वरिष्ठ सहायक होते आणि वरिष्ठ सहायक म्हणूनच निवृत्त होणार हे त्यांच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं. पदवीच्या पुढे शिकले नव्हते. पण उडदाचं शेत त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. त्यांची आणखी एक खोड मला लवकरच कळली. ते बोलत अहिराणी. साहेबलोकांसमोर थोडी दामटून बसवलेली. पण राग आला की शुद्ध पुस्तकी मराठीत शिरायचे. शिपायाने एकदा बियाण्याच्या पाकिटांवर पाणी सांडलं, तेव्हा "आपण हे काय केलंत?" एवढंच आबा म्हणाले आणि शिपाई थरथर कापायला लागला. मला तेव्हा हसू आलं होतं.

आमच्या केंद्राचं मुख्य दुखणं होतं भुरी. पावसाळा सरता सरता सकाळी दव पडायला लागलं की उडदाच्या पानांवर पिठाची चिमूट टाकल्यासारखे ठिपके दिसायचे. पंधरा दिवसांत अख्खं शेत पांढरं. शेंगा भरायच्या ऐन वेळी पानं वाळून जायची. ही बुरशी अडवणारा उडीद हवा म्हणून आम्ही मुद्दाम उशिरा पेरणी करायचो, म्हणजे रोग हमखास यावा आणि त्यातून कोण वाचतं ते दिसावं. कोणी वाचायचं नाही.

वाचणारा उडीद सापडला तो केंद्रावर मजुरीला येणाऱ्या केसरअक्काकडे. अक्का नरडाण्याकडच्या एका खेड्यातली, लग्नानंतर धुळ्याला आलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. ज्वारीत उडीद मिसळून, सालीसकट दळून जी कळण्याची भाकरी आपल्याकडे होते, तिच्यासाठी अक्का माहेरचा जुना उडीद परसात पेरायची आणि बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची. बाजारातल्या उडदाच्या भाकरीला चव नसते हे तिचं ठाम मत. आबा एकदा तिच्याकडे काही निरोप द्यायला गेले आणि परसातच बसकण मारली. शेजारच्या वाफ्यातला उडीद पांढराफटक, अक्काचा हिरवा. फक्त पानांवर बारीक तपकिरी टिपके, आणि झाड जरा खुजं. पीक निघाल्यावर आबांनी हात जोडले तेव्हा अक्काने घरात होतं तेवढं सगळं मडकंच त्यांच्या हवाली केलं. "न्या. पन यंदा मन्हा घर कळना नही व्हवाव," असं बजावायला ती विसरली नाही.

आम्ही त्या उडदाचा आमच्या भरघोस वाणाशी संकर केला. उडदाची कळी मुगाच्या दाण्याएवढी. ती उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने पाकळ्या हळूच बाजूला करून आतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी आमच्या वाणाचे पराग लावायचे. जरा जोर झाला की कळी गळलीच. शंभर कळ्यांवर मान मोडावी तेव्हा मूठभर शेंगा धरल्या. प्रत्येक शेंगेच्या देठाला आबांनी लाल दोरा बांधला. उरलेल्या दोऱ्यात त्यांचं भिंग होतंच.

त्याच दिवसांत लागोपाठ तीन दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काचेखाली दोन पानांचे तुकडे होते, एक आमच्या वाणाचा, एक अक्काच्या उडदाचा. दोन्हींवर भुरीचे बीजाणू झटकलेले. पहिल्या दिवशी दोन्हीकडे बीजाणूंना कोंब फुटले, दोन्हीकडे कोंबांनी पानाच्या कातडीला डोकं टेकवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या वाणाच्या पेशीत बुरशी शिरून जेवायला बसली होती. अक्काच्या पानावर ती दारातच ताटकळत होती.

"भिंत कोनी जाड शे?" आबांनी विचारलं.

मी पुन्हा पुन्हा बघितलं. दोन्ही सारख्याच.

"मंग हाई आत कशी गयी?"

"फोडून गेली असेल."

"फोडी नही, माय. कडी कोनी तरी काढी." मग ते माझ्यासाठी सावकाश, अर्ध्या शाळेच्या भाषेत समजावत गेले. पेशीच्या पडद्यात कुठलं तरी प्रथिन बसलेलं असणार. बुरशी बाहेरून टकटक करते, आणि ते तिला दार उघडतं. अक्काच्या उडदात ते प्रथिन नाहीच, नाहीतर मोडकं आहे. टकटक कितीही करा, उठणारं कोणी नाही.

आम्ही कॉलेजात नेमकं उलटं शिकलो होतो. रोगाला दाद न देणाऱ्या झाडाकडे काहीतरी शस्त्र जास्तीचं असतं, बाकीच्यांकडे नसतं. आबा म्हणत होते की या झाडाकडे काहीतरी कमी आहे आणि तेच त्याचं भाग्य. मी विचारलं, याला कुठल्या पुस्तकाचा आधार? आबा म्हणाले, "आधार पान देई." त्या न दिसलेल्या प्रथिनाचं नाव त्यांनी ठेवलं कडीवाला.

पुढच्या पावसाळ्यात संकराचं बी पेरलं. अकरा झाडं उगवली. मी रोज सकाळी जाऊन पानं उलटायची. सप्टेंबर संपता संपता पहिला पांढरा ठिपका दिसला आणि आठवड्यात अकराच्या अकरा झाडं पांढरी. माझं तर अवसानच गेलं. आबा मात्र ओळीच्या टोकाला उकिडवे बसून खुशीत मान डोलवत होते. "बठ्ठा पांढरा व्हई ग्यात! भलतं चांगलं व्हयनं." मला वाटलं, आबांचं डोकं फिरलं.

"अगं, बापाकडून कडीवाला उना ना," ते म्हणाले. "आईकडं नव्हता, पण एका बाजूनं आला तरी पुरे. दार उघडाले एकच मानूस लागस. आते याच झाडांचं बी पेर. त्यात चारातल्या एकाले दोन्हीकडून काहीच मिळनार नही. ते झाड हिरवं राही."

सगळा जुगार त्या अकरा झाडांच्या शेंगांवर होता. अक्काचं मडकं आम्ही चाचण्यांत आणि संकरात जवळपास संपवलं होतं, आणि तिच्या माहेरी आता तो उडीद कोणी पेरत नव्हतं. शिल्लक मूठभर बी नंतर दमट कपाटात किडून गेलं. खुज्या झाडाचा का होईना, तो हिरवेपणा आता फक्त त्या पांढऱ्या झाडांच्या पोटात लपलेला होता.

आणि नेमकं तेव्हाच आबांना थोरल्या भावाच्या दहाव्याला गावी जावं लागलं. शेंगा काळ्या पडत आल्या होत्या. जाताना मला म्हणाले, "तीन दिवस. नंतर तोडू." त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुख्य कार्यालयाचे साहेब पाहणीला आले. उंच, टापटीप, पुस्तकात पक्के. अकरा पांढरी झाडं पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली. "प्रतिकारशक्ती पहिल्याच पिढीत दिसते. इथे काही नाही. उगाच रोग पसरतोय. उपटून टाका, बांधावर फेका."

मला आबांचं म्हणणं तोंडपाठ होतं. मी ते बोलायला हवं होतं. पण त्याच साहेबांच्या टेबलावर माझा जळगावच्या बदलीचा अर्ज होता. घरी आई आजारी, यावल जळगावहून तासाभरावर. साहेब जीपकडे जाताना सहज म्हणाले, "तुमचा अर्ज बघितलाय मी." मी "हो सर" म्हटलं. आणि जीप फाटकाबाहेर पडायच्या आत मजुरांना झाडं उपटायला सांगितली. दुपारी मी डबासुद्धा खाल्ला, याची आज लाज वाटते.

आबा सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आले. पिशवीसकट थेट शेतात. मी मागे धावत गेले. मोकळ्या ओळीपुढे ते थांबले. बांधावरचा पाला बैलांनी कधीच खाल्ला होता.

"साहेबांनी सांगितलं," मी म्हटलं.

आबा माझ्याकडे वळले. "साहेब बाहेरून आले, हे समजलं," ते म्हणाले. अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत. "कडी कोणी काढली?"

ती भाषा ऐकून मला शिपायाचं थरथरणं आठवलं. मी तिथेच मातीत बसून रडले.

शेजारच्या ओळीत खुरपत असलेली केसरअक्का तेवढ्यात उठून उभी राहिली. "रडाले काय व्हयनं?" मी सांगितलं तर ती खुरपं टाकून हसायलाच लागली. "फेकाले उडीद काय फुकटना शे? शेंगा मी ओटीमा भरी लई गयी ना! मन्हा घर यंदा उडीद नही. कळनामा टाकी दिधात."

आबांनी तिचा हात धरला. "कळनाना डबा कोठे शे?"

"आज सकाळीच गिरनीवर गया."

मग आबा पळाले. पन्नाशी उलटलेला तो काटकुळा माणूस चपला हातात घेऊन धुळ्याच्या भर रस्त्यातून पळत होता, मागे मी, माझ्या मागे शिव्या देत अक्का. गिरणीपुढे डब्यांची ही रांग. गिरणी बंद होती. सकाळपासून वीज गेली होती! आयुष्यात वीज गेल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. अक्काचा डबा रांगेत तिसरा. आबा त्याच्यावर हात ठेवून नुसतेच धापा टाकत उभे राहिले, आणि तेवढ्यात पट्टा करकरला. वीज आली. गिरणीवाला म्हणाला, "आबा, रांगेत या." आबांनी डबा पोटाशी घट्ट धरला.

मग जे झालं ते कोणत्याही संशोधन अहवालात नाही. गिरणीच्या ओट्यावर आबांनी आपलं उपरणं अंथरलं आणि डबा त्यावर ओतला. पांढरीशुभ्र ज्वारी आणि तिच्यात काळा उडीद. "काळं तेवढं वेचा," आबांनी फर्मावलं. मी बसले, अक्का बसली. रांगेतल्या बायका आधी कुरकुरल्या, मग काय चाललंय ते बघायला वाकल्या, आणि बघता बघता सहा-सात जणी पदर खोचून निवडायला बसल्या. निवडण्यात त्यांचा हात कोण धरणार? एकीने विचारलं, हाई औषध शे का? आबा म्हणाले, "औषध लागूच नये म्हनीसन शे." शेवटचा काळा दाणा उचलून झाल्यावर त्यांनी ज्वारी पुन्हा डब्यात भरून अक्काला दिली आणि संध्याकाळी स्वतःच्या घरचा उडीद तिच्याकडे पोचवला. अक्काने तो बेचव आहे असं सांगितलं.

ते बी पुढल्या वर्षी कुठे पेरायचं हा प्रश्नच होता, कारण कागदावर तो प्रयोग बंद झालेला. आबांनी रोगट वाफ्याच्या कडेची पडीक पट्टी स्वतः खणली. मीही खणायला गेले. त्यांनी दुसरी कुदळ आधीच आणून ठेवली होती. त्या वर्षभरात ते माझ्याशी कामापुरतं बोलत आणि ते पुस्तकी मराठीत. मी ऐकून घ्यायची. बदलीचा अर्ज मी मागे घेतला होता. आईला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चूक तिथे केलीस तर तिथेच राहून निस्तर.

भुरी आली, आणि अशी आली की आजूबाजूचे सगळे वाफे चुना मारल्यासारखे झाले. आमच्या पट्टीतही पांढरं पसरत गेलं. एक ओळ पांढरी, दुसरी पांढरी. तिसरीत एक झाड हिरवं. मला वाटलं, उशिरा लागण होईल. चार दिवस थांबले. मग पुढे आणखी एक हिरवं. पानांवर तेच तपकिरी टिपके. पाचव्या दिवशी सकाळी मी ओळीमागून ओळ अगदी शेवटच्या झाडापर्यंत मोजत गेले. चारास एक. दोन-तीन झाडांचा फरक सोडला तर नेमकं चारास एक! मी तिथूनच ओरडले, "आबा! कडीवाला नाही! कडीवालाच नाही यांच्यात!"

साहेब पुन्हा पाहणीला आले तेव्हा या वेळी मी जीपपाशी जाऊन उभी राहिले आणि त्यांना थेट पट्टीकडे घेऊन गेले. सगळं मी सांगितलं, संकर, अकरा झाडं, माझं उपटणं, गिरणी. आबा मागे हात बांधून उभे. साहेबांनी विश्वास ठेवला नाही. स्वतः पहिल्या ओळीपासून मोजायला लागले. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली. टोकाला पोचले आणि म्हणाले, "बोरसे, मला परत एकदा मोजू द्या."

"मोजा ना साहेब," आबा म्हणाले. "झाडे कोठे पळी जातस?"

साहेबांनी दुसऱ्यांदा मोजलं. मग रुमालाने हात पुसून आबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "चूक माझी होती." मोठा माणूस. पुढच्या साऱ्या चाचण्यांना त्यांनीच मागे उभं राहून जमीन दिली. हिरव्यातलीही उंच, भरलेल्या शेंगांची झाडं निवडत निवडत पाच-सहा वर्षांत वाण तयार झाला. त्याला नाव मिळालं नाही, नुसता क्रमांक मिळाला. वाण शेतकऱ्यांना दिला त्या कार्यक्रमात आबांनी व्यासपीठावर स्वतः न बसता आपल्या खुर्चीवर केसरअक्काला बसवलं. अक्काने माइक मिळताच सांगितलं की उडीद चांगला आहे, पण कळण्यासाठी तिच्या माहेरचाच बरा होता. सगळा मांडव हसला. आबा सर्वांत जास्त.

पुढे आबा निवृत्त होऊन नरडाण्याजवळच्या आपल्या गावी गेले. माझीही रीतसर बदली जळगावला झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका सकाळी जळगावच्या ग्रंथालयात परदेशी नियतकालिक चाळताना मी खुर्चीतून उठलेच. दुसऱ्याच एका पिकात, भुरीच्याच बाबतीत, तिकडच्या लोकांना ते सापडलं होतं. पेशीच्या पडद्यात बसलेलं एक प्रथिन. ते मोडलेलं असेल तर बुरशीला आत जाता येत नाही. मी त्या पानांची झेरॉक्स काढली आणि तशीच बसस्थानक गाठलं.

सप्टेंबर होता. नरडाणा सोडल्यावर गाडीच्या दोन्ही खिडक्यांतून उडदाची शेतं दिसत होती. दव पडायला लागलेलं, आणि शेतं हिरवी. मैलोगणती हिरवी! शेजारच्या बाईला मी उगाच विचारलं, हा कोणता उडीद? तिने क्रमांक सांगितला, वर म्हणाली, "याले फवारा लागत नही." मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

आबा ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आणखी वाळले होते. भिंग तसंच गळ्यात. त्यांनी आधी कळण्याची भाकरी खायला लावली, मगच कागद काढू दिला. मी मराठीत सांगायला लागले तर म्हणाले, "आधी इंग्रजी वाच. त्यासना शब्द ऐकू दे." मी वाचलं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आत आवाज दिला, "ऐकस का वं? तो सापडना! कडीवाला सापडना!" आतून आबांच्या पत्नी म्हणाल्या, मग पोलिसात द्या. आबा इतके हसले की ठसका लागला.

मी पुढचा भाग सांगितला. हे प्रथिन काही बुरशीसाठी बसवलेलं नाही. त्याचं घरात स्वतःचं काम असतं. ते नसलं की पेशी अवेळी मरतात, पानांवर तपकिरी टिपके पडतात. अक्काच्या उडदावर होते तसेच.

आबांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला. मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, आपल्या अहिराणीत म्हणाले, "मंग तो वाईट नही व्हता, माय. घरनाच मानूस. बाहेर कोनी वळखीना मानूस उना, असं वाटनं त्याले, म्हनीसन कडी काढी."

गिरणीच्या त्या दिवसानंतर ते मला पहिल्यांदाच माय म्हणाले होते. मी ताटलीतला भाकरीचा उरलेला तुकडा उचलला आणि आबांनी त्यावर लोण्याचा गोळा ठेवला.